जोस्लिन यांची खतावणी

बॉस्टन शहरात १८९८ साली एका तरुण डॉक्टरने स्वतःचा दवाखाना थाटला. एखाद्या पेढीवर उधारीची वही असावी तशी आपल्या मधुमेही रुग्णांची एक खतावणी त्याच्याकडे होती. पहिली नोंद विद्यार्थिदशेतली, १८९३ सालची. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्या एका आयरिश मुलीची ती नोंद होती. त्यानंतर एकामागून एक रुग्ण येत गेले आणि वहीला वही जोडली जात राहिली. रुग्ण बरा होऊन घरी गेला म्हणजे हिशेब मिटला, असे या डॉक्टरला वाटत नसे. तो वर्षानुवर्षे पत्रे पाठवून चौकशी करी, आणि रुग्ण दगावला तर कशाने दगावला हे शोधून लिहून ठेवी. डॉ. इलियट प्रॉक्टर जोस्लिन हे त्यांचे नाव. मधुमेह हा विषय निघाला की बँटिंग आणि बेस्ट यांची आठवण निघते आणि ते रास्तच आहे. पण इन्सुलिन मिळाल्यावर रुग्ण जगायचा कसा, हे ज्यांनी शिकवले त्यांत जोस्लिन अग्रभागी होते. मधुमेह आणि जंतू यांचे साटेलोटे किती जुने आहे, हेही त्यांच्याच वह्यांतून जगापुढे आले.

जोस्लिन यांचा जन्म ६ जून १८६९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ऑक्सफर्ड या छोट्या गावी झाला. वडिलांचा जोड्यांचा, म्हणजे पादत्राणांचा, कारखाना होता. ज्या माणसाने पुढे हजारो रुग्णांना आपल्या पावलांची काळजी घ्यायला लावले, तो बुटांच्या कारखानदाराचा मुलगा असावा हा योगायोग मजेशीर आहे. घरची सुबत्ता होती, पण वळण कडक प्युरिटन होते. पहाटे उठणे, वेळ वाया न घालवणे, चर्चला जाणे, मोजके खाणे हे सारे अंगात मुरलेले. येल विद्यापीठातून पदवी घेऊन ते हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत गेले आणि १८९५ साली डॉक्टर होऊन बाहेर पडले. तिथे त्यांना रेजिनाल्ड फिट्झ हे गुरू लाभले. अपेंडिक्सच्या दुखण्याला अपेंडिसायटिस हे नाव देणारे तेच फिट्झ. या गुरुशिष्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलची १८२४ सालापासूनची दप्तरे उपसली. पाऊणशे वर्षांत त्या एवढ्या मोठ्या रुग्णालयात मधुमेहाचे रुग्ण सापडले अवघे १७२. आजच्या कुठल्याही शासकीय रुग्णालयात एवढे रुग्ण मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी रांगेत उभे असतात.

शिक्षण संपवून ते जर्मन वैद्यकाचे वारे अनुभवायला युरोपात गेले. स्ट्रासबुर्ग येथे बर्नहार्ड नाउनिन यांच्याकडे मधुमेहाचे त्या काळातले उत्तमोत्तम ज्ञान मिळत असे. परत आल्यावर दवाखाना सुरू झाला आणि वर्षभरातच आजाराने त्यांच्या घरात पाऊल टाकले. त्यांच्या आईला मधुमेह झाला. खतावणीत तिचा क्रमांक आठ. मुलाने आईचे खाणेपिणे तोलूनमापून ठरवले, तिनेही ते निष्ठेने पाळले आणि इन्सुलिनचे नावही कुणाला ठाऊक नसलेल्या काळात ती दहा वर्षांहून अधिक जगली. शिस्तीने हा रोग आवरता येतो, ही जोस्लिन यांची श्रद्धा इथे पक्की झाली असावी. ती श्रद्धा पुढे त्यांचे बळही ठरली आणि काही वेळा हट्टही.

त्या काळातला मधुमेह आजच्या पिढीला कळणे कठीण आहे. दहा वर्षांच्या मुलाला निदान झाले की तो सरासरी जेमतेम सव्वा वर्ष जगे. डॉक्टरांच्या हातात एकच हत्यार होते, ते म्हणजे उपासमार. न्यूयॉर्कच्या फ्रेडरिक ॲलन यांनी ती पद्धत शास्त्रशुद्ध केली आणि जोस्लिन यांनी ती उचलून धरली. पोळी नाही, साखर नाही, अगदी मोजकी भाजी आणि थोडे मांस. मुले हाडांचे सापळे होत, पण काही महिने किंवा वर्ष-दोन वर्षे अधिक जगत. १९१६ साली आपल्या पहिल्या हजार रुग्णांच्या आधारे जोस्लिन यांनी मधुमेहाच्या उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि दोनच वर्षांनी डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनी मिळून वाचावी अशी एक पुस्तिका काढली. रुग्णाच्या हाती त्याच्या आजाराचे पुस्तक द्यायचे, ही त्या काळी धीट कल्पना होती.

ते निरीक्षण कसे करीत याचा एक नमुना १९२१ सालच्या त्यांच्या लेखात आहे. त्यांच्या स्वतःच्या गावात एका रस्त्यावर शेजारी शेजारी तीन घरे होती. त्या घरांत वेगवेगळ्या काळी राहून गेलेल्या सात कुटुंबप्रमुखांपैकी सहा जणांना मधुमेह झाला. जोस्लिन यांचा सवाल असा होता, की हेच सहा रुग्ण विषमज्वराचे असते तर सरकारी आरोग्य खाते धावून आले असते, घराघरांतून तपास झाला असता. मधुमेहाच्या वेळी मात्र कोणी जागचे हलले नाही. साथीच्या रोगांना लावायची दृष्टी मधुमेहाला लावणारा हा बहुधा पहिलाच मोठा डॉक्टर. गंमत अशी, की याच गावात दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६-४७ मध्ये, घरोघरी तपासणी झाली. सुमारे पाच हजार वस्तीच्या गावातल्या साडेतीन हजार लोकांच्या रक्त-लघवीची तपासणी केल्यावर सत्तर मधुमेही निघाले. त्यांतल्या तिसांना आपल्याला आजार आहे याचा पत्ताच नव्हता.

३० डिसेंबर १९२१ रोजी न्यू हेवन येथे शरीरशास्त्रज्ञांची सभा भरली होती. टोरोंटोहून आलेल्या फ्रेडरिक बँटिंग नावाच्या तरुण सर्जनने तिथे अडखळत आपले प्रयोग सांगितले. श्रोत्यांत जोस्लिन होते. पुढच्या आठ महिन्यांत चक्रे भराभर फिरली. ७ ऑगस्ट १९२२ रोजी जोस्लिन यांनी आपल्या पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचले. ती एक परिचारिका होती. पाच वर्षांच्या उपासमारीने तिचे वजन एकतीस-बत्तीस किलोवर आले होते आणि कित्येक महिने ती घराबाहेर पडली नव्हती. इन्सुलिनने ती उठली, चालू लागली आणि पुढे बरीच वर्षे जगली.

इथपर्यंतची कथा बहुतेक पुस्तकांत सापडते आणि तिथेच आनंदाने संपते. जोस्लिन यांची खतावणी मात्र पुढे चालूच राहिली, आणि साधारण दहा वर्षांनी तिच्यातून काही वेगळेच दिसू लागले.

इन्सुलिनपूर्वी मधुमेह्यांच्या दर शंभर मृत्यूंपैकी साठाहून अधिक कोमाने होत. रक्तात आम्ल साठून रुग्ण बेशुद्ध होई आणि जाई. तिसाव्या दशकाच्या सुरुवातीला जोस्लिन यांनी पुन्हा बेरीज मांडली, तेव्हा कोमाचा वाटा पाचावर आला होता. हे इन्सुलिनचे यश. पण त्याच हिशेबात पायाच्या गँगरीनने होणारे मृत्यू वाढलेले दिसले. आधी जे कोमाने लवकर जात, ते आता वाचून पन्नाशी-साठीपर्यंत पोचत होते आणि पायाच्या एका क्षुल्लक जखमेने दगावत होते. १९३४ साली त्यांनी न्यू इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मधुमेही गँगरीनच्या या संकटावर लेख लिहिला. त्यातला मुद्दा परखड होता. हे गँगरीन दैवाने येत नाही, ते इथेच आपल्या हातांनी घडते आणि म्हणून ते टाळता येते, असे त्यांचे म्हणणे. मधुमेहाचा डॉक्टर म्हणजे साखर मोजणारा, ही समजूत या लेखाने मोडायला हवी होती. प्रत्यक्षात ती पुरती अजूनही मोडलेली नाही. रुग्ण येतो, रिपोर्ट टेबलावर ठेवतो, गोळी बदलून घेतो आणि पायमोजे न काढताच परत जातो.

मधुमेह्याच्या पायात नेमके काय घडते? बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते. चपलेतला खडा टोचत नाही, काटा मोडला तरी कळत नाही. दुसरीकडे रक्तवाहिन्या अरुंद होत जातात आणि पावलापर्यंत रक्त पुरेसे पोचत नाही. तिसरी गोष्ट जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची. साखर चढलेल्या रक्तात त्या सुस्तावतात. जखमेकडे उशिरा धावतात आणि जंतू गिळले तरी त्यांना नीट मारत नाहीत. म्हणजे घराला कुलूप नाही, रखवालदार पेंगतो आहे आणि चोर आल्याचे घरमालकाला कळतही नाही.

चोर तर उंबरठ्यावरच बसलेला असतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूची द्राक्षाच्या घोसासारखी वस्ती साधारण तीनांपैकी एका निरोगी माणसाच्या नाकात असते. तिथे तो काही त्रास देत नाही. मधुमेही माणसांत, विशेषतः रोज सुई टोचून घेणाऱ्यांत, या जंतूचे वाहक अधिक आढळतात, असे पुढच्या काळात अनेक तपासण्यांतून दिसले. नाकातला जंतू बोटांवर येतो, बोटांवरून कातडीवर आणि कातडीवरच्या चिरेतून आत. केसतूड, पाठीवरचे काळपुळीसारखे मोठे गळू, पायाच्या बोटांच्या बेचक्यातला पू, ही जुन्या मधुमेह्यांची ठरलेली दुखणी. खतावणीच्या पानोपानी ती असणार, यात नवल नाही.

पेनिसिलिनच्या आधी यावर उपाय काय? एक तर पाय कापणे. संसर्ग वर चढण्याआधी मांडीतून पाय काढून टाकायचा, हा शहाणपणाचा मार्ग समजला जाई. दुसरा उपाय जोस्लिन यांचा होता, आणि तो कुठल्याही बाटलीत मिळत नव्हता. बॉस्टनच्या डीकोनेस रुग्णालयात त्यांनी डॉक्टर, सर्जन, आहारतज्ज्ञ, परिचारिका आणि नखे-कुरूपांची निगा राखणारे पायांचे तज्ज्ञ यांची एक फळी उभी केली. डॅनियल फिस्क जोन्स आणि लेलंड मॅककिट्रिक हे सर्जन त्यांतले. रुग्णाला शिकवण्यासाठी वेगळ्या परिचारिका होत्या. काही परिचारिका तर रुग्णाच्या घरी जाऊन राहत, स्वयंपाकघरात डोकावत, इन्सुलिन कसे घ्यायचे ते घरच्यांना दाखवत. पाय रोज धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, अनवाणी फिरू नका, कुरूप पात्याने कापू नका, नवे बूट पहिल्या दिवशी तासभरच घाला, आणि थंडीत पायांशी गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपू नका, कारण बधिर पायाला भाजलेले कळत नाही. बॉस्टनच्या हिवाळ्यातल्या पिशवीऐवजी आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यातली देवळासमोरची तापलेली फरशी आहे, एवढाच फरक. प्रदक्षिणा घालून घरी आल्यावर तळव्याला फोड दिसतो आणि भाजले केव्हा ते आठवत नाही, असे रुग्ण दर उन्हाळ्यात येतात.

या शिस्तीला एक काळी बाजूही होती. जोस्लिन यांच्या लेखी गुंतागुंत म्हणजे बहुतेक वेळा कुणाची तरी चूक असे. रुग्णाची, नाहीतर डॉक्टरची. लठ्ठपणावर त्यांचे शेरे कठोर असत. त्या वेळी घरी रक्तातली साखर मोजण्याची सोय नव्हती. लघवी तापवून रंग पाहायचा, एवढाच आधार. अशा आंधळ्या कोशिंबिरीत साखर सदैव काबूत ठेवणे प्रामाणिक रुग्णालाही जमण्याजोगे नव्हते. पाय गमावलेल्या माणसाच्या मनात वर आणखी अपराधाची भावना ठेवणे हा अन्यायच होता. न्यूयॉर्कच्या एडवर्ड टॉल्स्टॉय यांच्यासारखे डॉक्टर तर उघड विरोधात उभे राहिले. रुग्णाला बरे वाटते आहे, वजन टिकून आहे, मग लघवीत थोडी साखर गेली तर बिघडले कुठे, असा त्यांचा पक्ष. हा वाद जोस्लिन यांच्या हयातीत मिटलाच नाही. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ स्वयंसेवकांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा साखर काबूत ठेवल्याने डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू वाचतात हे निर्विवाद ठरले. तोवर जोस्लिन यांना जाऊन तीन दशके उलटली होती.

पेनिसिलिन बॉस्टनला आले ते एका दुर्घटनेच्या निमित्ताने. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसे मेली. होरपळलेल्यांच्या जखमांत स्टॅफिलोकॉकस शिरू नये म्हणून न्यू जर्सीतल्या मर्क कंपनीच्या कारखान्यातून पेनिसिलिनचा द्रव पोलिसांच्या बंदोबस्तात रातोरात रस्त्याने बॉस्टनला आणण्यात आला. ते औषध त्या वेळी इतके दुर्मीळ होते की सामान्य नागरिकांपैकी कुणाला द्यायचे हे ठरवण्याचे काम एका समितीकडे होते. त्या समितीचे प्रमुख चेस्टर कीफर हेही बॉस्टनचेच. १९४४ नंतर पुरवठा वाढला आणि मधुमेह्यांच्या पायांचे नशीब पालटले.

मॅककिट्रिक यांनी मांडीतून पाय कापण्याऐवजी फक्त बोटांकडचा पुढचा भाग काढायला सुरुवात केली. टाच शाबूत राहिली म्हणजे माणूस स्वतःच्या पायावर चालतो, कामावर जातो. पूर्वी अशी अर्धी शस्त्रक्रिया करायची हिंमत होत नसे, कारण उरलेल्या भागात पू होऊन रुग्णच हातचा जाण्याची भीती होती. पेनिसिलिनने ती भीती घालवली. १९४९ साली त्यांनी अशा २१५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. वैद्यकाच्या इतिहासात प्रतिजैविकाने जीव वाचवल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. प्रतिजैविकाने पाय वाचवल्याची ही गोष्ट तितकी सांगितली जात नाही. एखाद्या मजुराला किंवा शेतकऱ्याला पाय आणि जीव यांतले अंतर किती थोडे असते, हे शासकीय रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात लगेच कळते.

पण हे वरदान सुरुवातीपासूनच झिजू लागले होते. पेनिसिलिन मोडून टाकणारा एक पदार्थ काही जंतू तयार करतात, हे ऑक्सफर्डमध्ये १९४० सालीच दिसले होते. हे ऑक्सफर्ड म्हणजे इंग्लंडमधले, जोस्लिन यांचे गाव नव्हे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेलच्या व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेचा धोका सांगितला. पुढचे आकडे मेरी बार्बर यांनी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात गोळा केले. तिथल्या स्टॅफिलोकॉकस संसर्गांत पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंचे प्रमाण १९४६ साली शेकडा १४, १९४७ साली ३८ आणि १९४८ साली ५९ झाले. दोन वर्षांत चौपट. बॉस्टनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये मॅक्सवेल फिनलंड हेही असाच हिशेब ठेवत होते. रुग्णांच्या रक्तात कुठले जंतू सापडतात आणि ते कशाला दाद देतात, याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यांनी केल्या आणि कारण नसताना प्रतिजैविके लिहिणाऱ्या सहकाऱ्यांची आयुष्यभर कानउघाडणी केली. एका शहरात एक डॉक्टर साखरेची खतावणी लिहीत होता आणि दुसरा जंतूंची. दोन्हींतल्या नोंदी बऱ्याचदा एकाच पायाबद्दलच्या असणार.

याचे कारण प्रतिकार करणाऱ्या जंतूंना मधुमेही पाऊल फार मानवते. प्रतिजैविक गोळीतून घ्या नाहीतर शिरेतून, ते पावलापर्यंत रक्तातूनच जाते. वाट अरुंद झालेली असेल तर औषध तिथे तुटपुंजे पोचते. दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि पेंगणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या उरलेल्यांचा समाचार घेत नाहीत. जखम महिनोन् महिने भरत नाही, म्हणून औषधाच्या फेऱ्यावर फेरे होतात. जंतू जखमेच्या तळाशी चिकट पापुद्रा करून बसतात आणि त्याखाली औषध शिरत नाही. शिवाय हा माणूस वारंवार रुग्णालयात येतो. ड्रेसिंगला येतो, रक्त तपासायला येतो, मूत्रपिंडे बिघडली तर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला येतो. तिथले जंतू घेऊन घरी जातो आणि घरचे घेऊन तिथे येतो. त्यात त्याचा दोष नसतो.

म्हणूनच पाय सुजलेला नाही, लाली नाही, पू नाही, अशा नुसत्या उघड्या जखमेला प्रतिजैविक देऊ नये, असे मधुमेही पायांबाबतची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आज सांगतात. वरवर कापूस फिरवून घेतलेला नमुनाही फसवा असतो. त्यात कातडीवर नुसते राहायला आलेले जंतूही उगवतात आणि मग रिपोर्टमधल्या प्रत्येक नावासाठी एक औषध लिहिले जाते. जखम साफ करून तळातला ऊतीचा तुकडा पाठवला तर खरा गुन्हेगार सापडतो. भारतातल्या मधुमेही पायांत तर स्टॅफिलोकॉकसइतकेच, कित्येकदा त्याहून जास्त, स्यूडोमोनास, ई. कोलाय आणि क्लेबसिएला हे जंतू निघतात आणि त्यांतले अनेक नेहमीच्या औषधांना पुरून उरतात. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून पायाला लागलंय म्हणून चार गोळ्या मागून घेणे आणि बरे वाटताच दोन शिल्लक ठेवणे ही आपल्याकडची रीत या जंतूंच्या पथ्यावरच पडते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने देशातल्या मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर असल्याचा अंदाज दिला आहे. म्हणजे एवढी पावले गुणिले दोन.

जोस्लिन म्हातारपणीही थांबले नाहीत. त्यांच्या चमूला १९५२ साली जोस्लिन क्लिनिक हे नाव मिळाले आणि १९५६ मध्ये नवी इमारत उभी राहिली. १९२४ पासून त्यांच्याबरोबर असलेल्या प्रिसिला व्हाइट यांनी मधुमेही स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप करून दाखवली. गावाजवळ मधुमेही मुलामुलींसाठी उन्हाळी शिबिरे भरू लागली. पंचवीस वर्षे मधुमेह सांभाळूनही ज्यांचे शरीर शाबूत राहिले त्यांना क्लिनिकतर्फे पदक दिले जाई. आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे तीन घोडे एका रथाला जुंपून आवरायचे असतात, हे त्यांचे आवडते चित्र होते. त्यांच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती १९५९ साली निघाली, तेव्हा ते नव्वदीचे होते.

त्याच सुमारास पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकससाठी मेथिसिलिन हे नवे औषध आले. १९६१ साली इंग्लंडमध्ये त्यालाही दाद न देणारे जंतू सापडल्याची नोंद झाली. आज ज्याला एमआरएसए म्हणतात तो हाच. २८ जानेवारी १९६२ रोजी जोस्लिन गेले. वय ब्याण्णव.

खतावणी त्यांच्या मागे इतरांनी पुढे लिहावी तसे झाले. एमआरएसएवर शेवटचे भरवशाचे औषध म्हणून व्हँकोमायसिन राखून ठेवले होते. जून २००२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात व्हँकोमायसिनलाही पूर्णपणे पुरून उरणारा स्टॅफिलोकॉकस पहिल्यांदा सापडला. तो चाळीस वर्षांच्या एका मधुमेही रुग्णाच्या शरीरात होता. मूत्रपिंडे निकामी झालेली, डायलिसिस चालू, पायाला जुनाट जखमा, दोन महिन्यांपूर्वीच गँगरीन झालेले बोट काढलेले आणि त्यानंतर प्रतिजैविकांचे अनेक फेरे. पायाच्या जखमेत व्हँकोमायसिनला सरावलेला एंटेरोकॉकस नावाचा दुसरा जंतूही होता आणि स्टॅफिलोकॉकसने प्रतिकाराचे जनुक त्याच्याकडूनच उचलले असावे, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. त्यानंतर अमेरिकेत अशा जंतूचे जे मोजके रुग्ण सापडले, त्यांतही मधुमेही आणि जुनाट जखमांचे रुग्ण ठळकपणे होते.

मधुमेह्यांत प्रतिकारक्षम जंतू अधिक सापडतात ते केवळ औषधे अधिक घेतल्यामुळे, की मधुमेहाच त्यांना पोसतो, हा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत होता. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ साली त्याचे एक उत्तर उंदरांवरच्या प्रयोगातून दिले. मधुमेही आणि निरोगी उंदरांच्या कातडीत त्यांनी तोच स्टॅफिलोकॉकस टोचला आणि दोन्ही गटांना रिफॅम्पिसिन हे एकच औषध दिले. निरोगी उंदरांत औषधाला न जुमानणारे जंतू आढळले नाहीत. मधुमेही उंदरांत पाच दिवसांत त्यांची संख्या कोट्यवधींवर गेली. तिथे जंतूंना खायला साखर मुबलक होती आणि त्यांना मारायला शरीराची फौज दुबळी होती. ते इतके वाढले की त्या गर्दीत औषधाला चकवणारा बदल आपोआप कुणा एकात घडला आणि औषधाने बाकीचे मारून त्याला मैदान मोकळे करून दिले. त्यानंतर संशोधकांनी मधुमेही उंदरांना इन्सुलिन देऊन त्यांची साखर खाली आणली. तेव्हा जंतूंची एकूण संख्या घटली आणि प्रतिकार करणारे जंतूही कमी झाले.